चांदोबा कुठे आहे? लहानग्यांमधला ऑटिझम ओळखण्याचा इतिहास



आजची गोष्ट एका प्रश्नापासून सुरू करू. तुमच्या आजीने तुम्हाला तो विचारला असेल, तुम्ही तुमच्या मुलांना विचारला असेल. संध्याकाळची वेळ आहे, बाळ कडेवर आहे आणि कोणीतरी विचारतं, "चांदोबा कुठे आहे?" साधारण सव्वा-दीड वर्षाचं बाळ काय करतं? ते वर बघतं. बोट दाखवतं. आणि मग मान वळवून विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. जणू म्हणतं, तुलाही दिसला ना?

आपण कौतुक करतो, पापा घेतो आणि विसरून जातो. पण बघणं, बोट दाखवणं आणि परत वळून बघणं या तीन साध्या गोष्टींवर जगातल्या कितीतरी संशोधकांनी गेली तीस-पस्तीस वर्षं काम केलं आहे. कारण ज्या मुलांमध्ये पुढे ऑटिझमचं निदान होतं, त्यांच्यातली बरीच मुलं दीड वर्षाची झाली तरी असं बोट दाखवून वळून बघत नाहीत, किंवा फार क्वचित बघतात.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ आहे, पण तो ऐकल्यावर मूल मुद्दामच स्वतःत दंग राहतं असं वाटू शकतं, म्हणून मी आज ऑटिझम हाच शब्द वापरणार आहे. हा साथीचा रोग नाही आणि संस्कारांची कमतरताही नाही. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने होते, आणि ते वेगळेपण माणसांशी जोडून घेण्यात, बोलण्यात, आवाज-स्पर्श-उजेड सोसण्यात आणि ठरावीक गोष्टींच्या ओढीत दिसतं.

आज या ओळखण्याचाच इतिहास सांगायचा आहे. तो अमेरिकेत सुरू होतो, लंडन आणि बडोद्यावरून दिल्लीला येतो, आणि वाटेत पालघर आणि गोवाही लागतात. या सगळ्या प्रवासात एक धागा मला सारखा दिसतो, तो आधीच सांगून ठेवतो. आपल्या मुलाचं काहीतरी वेगळं आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा दिसलेलंच असतं. त्यांचं म्हणणं ऐकायचं कोणी आणि कसं, हा खरा प्रश्न होता.

तेहतीस पानांचं पत्र

साल १९३८. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथले एक वकील, बीमन ट्रिपलेट, आपल्या मुलाबद्दल बाल्टिमोरच्या एका डॉक्टरांना पत्र लिहितात. पत्र टंकलिखित आणि चांगलं तेहतीस पानांचं. मुलाचं नाव डोनाल्ड, वय पाच. वडिलांनी बारीक बारीक गोष्टी नोंदवल्या होत्या. मुलाची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे, पण एकटं सोडलं तरच तो सगळ्यात खूश असतो. कोणी घरात आलं, कोणी गेलं, याची दखल घेत नाही. आईवडिलांना पाहून त्याला आनंद झाल्यासारखं दिसत नाही. वस्तू गरगर फिरवत बसायला मात्र त्याला फार आवडतं.

पत्र ज्यांच्याकडे गेलं ते डॉक्टर होते जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर. पुढे त्यांनी डोनाल्डसारखी आणखी मुलं पाहिली आणि १९४३ साली अकरा मुलांवर लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. पहिला नंबर डोनाल्डचा. ऑटिझमच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात साधारण या लेखापासून धरली जाते. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांची वर्णनं १९२०च्या दशकातच छापली होती, आणि व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांचा लेख १९४४ चा. पण जगभर नाव झालं ते कॅनरांचं.

डॉक्टरांच्या या गाजलेल्या लेखाच्या मुळाशी बापाचं पत्र आहे, हे लक्षात ठेवा. कॅनर हुशार होतेच. त्यांचा मोठेपणा हा की त्यांनी ती तेहतीस पानं बाजूला टाकली नाहीत.

साक्षीदारच आरोपी

पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस खुद्द कॅनर अशा मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाबद्दल लिहू लागले. त्यातून "रेफ्रिजरेटर मदर" ही कल्पना पसरली. आईच्या मायेत ऊब नाही, म्हणून मूल असं झालं! १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांचं या विचाराला धरून लिहिलेलं पुस्तक आलं आणि खूप खपलं.

याचा ओळखण्यावर काय परिणाम झाला असेल? मुलाला सगळ्यात जवळून पाहणारी आई, आणि तीच आरोपीच्या पिंजऱ्यात. ती म्हणणार, "हा नावाला ओ देत नाही." ऐकणारा मनात म्हणणार, तू नीट हाक मारली नसशील. आपल्याकडे फ्रिजची उपमा आली नाही, पण बोलणी आली. आई नोकरी करते म्हणून, घरात आजी-आजोबा नाहीत म्हणून, मोबाइल दिला म्हणून. पिढी बदलते, आरोपी तोच.

या कल्पनेला पहिला मोठा धक्का दिला तोही एका बापानेच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं की याचं मूळ शरीरात, मेंदूत शोधायला हवं, आईच्या वागण्यात नाही. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पालकांसाठी प्रश्नावली जोडली होती. देशभरातले पालक ती भरून त्यांना पोस्टाने पाठवू लागले. आज डॉक्टर आपल्या हातात 'हो किंवा नाही'ची जी यादी देतात, तिच्या पूर्वजांमध्ये ही प्रश्नावली धरायला हरकत नाही.

बेटलहाइम यांचं पुस्तक ज्या १९६७ साली आलं, त्याच साली नवी दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एक पुस्तक छापलं. लेखिका एर्ना होक, स्वित्झर्लंडच्या मनोविकारतज्ज्ञ. लखनौच्या नूर मंझिल या मनोविकार केंद्रात त्यांनी जी भारतीय मुलं पाहिली, त्यांच्यावरचं हे पुस्तक. भारतात मुलांच्या मनाकडे, वागण्याकडे इतक्या बारकाईने पाहणारी पुस्तकं त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. म्हणजे आपल्याकडे कोणी पाहतच नव्हतं असं नाही. पण एका केंद्रातला एक तज्ज्ञ पाहतो, आणि गावोगावच्या मुलांची चाळणी होते, या दोन गोष्टींमध्ये मोठं अंतर आहे.

बडोद्याचं मोजमाप आणि त्याची मर्यादा

चाळणी लावायची तर आधी माप हवं. आपलं बाळ कधी मान धरतं, कधी बसतं, कधी चिमटीत मणी उचलतं? पाश्चात्त्य देशांत त्याची कोष्टकं होती. ती आपल्या मुलांना लागू पडतात का, हे कोणीतरी तपासायला हवं होतं. ते काम बडोद्यात प्रमिला फाटक यांनी केलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी बेली यांच्या चाचणीच्या आधारे एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतच्या भारतीय बाळांची वाढ मोजली. १९७० साली त्याचा अहवाल आला. त्यावर बेतलेली 'डॅसी' नावाची मोजपट्टी १९९७ साली सुधारून आली. शारीरिक हालचालींचे ६७ आणि बौद्धिक वाढीचे १६३ टप्पे तिच्यात आहेत. ही मोजपट्टी भारतातल्या बालविकास केंद्रांत आजही वापरतात.

पण ऑटिझमच्या बाबतीत या मापाला एक अडचण आहे. टप्प्यांची मोजपट्टी विचारते, मूल हे कधी करतं? आणि ऑटिस्टिक मूल कित्येकदा वेळेवर बसतं, वेळेवर चालतं, मणी तर इतरांपेक्षा सफाईने उचलतं. आजी म्हणते, "अगं, चाललाय ना वेळेवर? मग बोलेल हळूहळू. याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?" आजीचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं, कारण नुसतं उशिरा बोलणारी मुलंही पुष्कळ असतात.

म्हणून प्रश्नच बदलावा लागला. मूल कधी करतं, याच्या जोडीला ते कोणासाठी करतं, हेही विचारावं लागलं. बिस्किटासाठी बोट दाखवणं वेगळं, आणि चांदोबा तुलाही दिसावा म्हणून बोट दाखवणं वेगळं. पहिल्यात बिस्किट हवं असतं. दुसऱ्यात माणूस हवं असतं.

दिवा कुठे आहे?

हा बदल प्रत्यक्षात आला लंडनमध्ये. १९९२ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी 'चॅट' नावाची छोटी तपासणी मांडली. नऊ प्रश्न पालकांना, आणि पाच गोष्टी तपासणाऱ्याने स्वतः करून पाहायच्या. त्या पाचांतली एक अशी: मुलाला विचारायचं, "दिवा कुठे आहे?" आणि पाहायचं, ते बोट दाखवून आपल्या तोंडाकडे बघतं का. म्हणजे आपल्या आजीचा चांदोबाच! दुसरी अशी: खेळण्यातली कपबशी आणि किटली द्यायची आणि म्हणायचं, मला चहा करून दे. मूल खोटा खोटा चहा ओततं का?

त्यांनी अठरा महिन्यांची ५० सर्वसाधारण मुलं पाहिली, आणि ज्यांच्या घरात आधीच एक ऑटिस्टिक भावंड आहे अशी ४१ मुलं पाहिली. मुख्य गोष्टींतल्या दोन किंवा अधिक जमल्या नाहीत अशी चार मुलं निघाली. तीस महिन्यांच्या वयात त्याच चौघांमध्ये ऑटिझमचं निदान झालं. दीड वर्षाच्या मुलात खूण दिसू शकते, हे पहिल्यांदा एवढं स्वच्छ दिसलं.

दोनच वर्षांनी, १९९४ साली, अमेरिकेत ऑस्टरलिंग आणि डॉसन या दोन संशोधिकांनी आणखी सुंदर कल्पना लढवली. ज्यांच्यात पुढे ऑटिझमचं निदान झालं अशा अकरा मुलांच्या आणि इतर अकरा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या व्हिडिओ कॅसेट त्यांनी पालकांकडून मागवल्या. केक, फुगे, पाहुणे, गोंधळ. त्यात फक्त मोजायचं: मूल लोकांच्या तोंडाकडे किती बघतं, वस्तू दाखवतं का, बोट करतं का, नावाला वळतं का. एवढ्यावर बहुतेक मुलांचा गट बरोबर सांगता आला. पुरावा घरातच, कपाटात ठेवलेल्या कॅसेटवर होता.

आता थोडं पाणीही घालतो. 'चॅट' पुढे १६,२३५ मुलांना लावली आणि सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यांच्यात बालपणीच्या ऑटिझमची ५० मुलं निघाली. दीड वर्षाच्या वेळच्या चाळणीत त्यातली किती सापडली होती? १९. म्हणजे चाळणीत जे मूल अडकलं त्याच्याबद्दल काळजी करण्यासारखं होतं, पण निम्म्याहून जास्त मुलं तिच्या भोकांतून निसटली होती. म्हणून २००१ साली अमेरिकेत डायाना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी तिचं रूप बदलून २३ प्रश्नांची 'एम-चॅट' केली, सगळे प्रश्न पालकांना विचारायचे. २०१४ मध्ये ती २० प्रश्नांची झाली; शंका आली तर पुन्हा सविस्तर विचारायची पायरीही तिच्यात आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ही यादी आज जगभर वापरतात. रोजच्या आवाजांचा त्रास होतो का, असा त्यात एक प्रश्न आहे, आणि उदाहरण आहे व्हॅक्यूम क्लीनरचं. आपल्या घरात तोच प्रश्न मिक्सर आणि कुकरच्या शिट्टीबद्दल विचारावा लागतो. भाषांतर करताना शब्द बदलणं सोपं, घर बदलणं अवघड. हा मुद्दा दिल्लीत पोचल्यावर फार कामाला येणार आहे.

दिल्लीतली एक आई

लंडनमध्ये 'चॅट'ची जुळवाजुळव चालू होती, त्या सुमाराला, १९९१ साली, दिल्लीत मेरी बरुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं. त्या एका ऑटिस्टिक मुलाची आई. त्या काळी भारतात ऑटिझम हा शब्द डॉक्टरांनाही फारसा सरावाचा नव्हता. मतिमंद, बहिरं, हट्टी, वेडसर, मुलावर असा कुठलातरी शिक्का बसायचा. १९९४ साली संस्थेने 'ओपन डोअर' ही शाळा काढली. आज जसोला भागात त्यांचं राष्ट्रीय ऑटिझम केंद्र उभं आहे.

पण शाळा काढून भागत नाही, सरकारदरबारी नाव लागतं. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, त्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम नव्हता. कायद्याच्या लेखी ही मुलं अस्तित्वातच नव्हती. पालकांच्या संस्थांनी पाठपुरावा केला आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार झाले, त्यात ऑटिझम स्वतंत्रपणे आहे. पंचवीस वर्षं लागली, एका शब्दाला.

नाव आलं की प्रमाणपत्र आलं, आणि प्रमाणपत्र आलं की मोजमाप आलं. २००९ साली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली 'इसा' ही भारतीय मोजपट्टी प्रसिद्ध झाली. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात. ती तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. म्हणजे आपला दीड-दोन वर्षांचा, कडेवरचा गडी अजून बाहेरच.

इथे आणखी एका अभ्यासाचं सांगायलाच हवं. टॅमरा डेली या अमेरिकी संशोधिकेने भारतातल्या चार मोठ्या शहरांतल्या कुटुंबांशी बोलून २००४ साली लिहिलं की भारतीय पालकांच्या मनात शंका अमेरिकी पालकांपेक्षा काही महिने उशिरा येते. कारण मुलगे उशिराच बोलतात, असं आपण धरून चालतो. पण शंका कशावरून येते? अमेरिकेत पहिली काळजी बहुधा बोलण्याची असते. आपल्याकडे पालकांना आधी खटकलं ते मुलाचं माणसांत न मिसळणं. कोणी आलं तरी येत नाही, कडेवर रमत नाही, इतर मुलांत जात नाही. म्हणजे गाभ्याची गोष्ट आपल्या लोकांना नेमकी दिसत होती. ती सांगायला शब्द नव्हता, आणि ऐकणाऱ्याकडे चौकट नव्हती.

ओखल्यापासून पलवलपर्यंत

ती चौकट तयार करायचं एक मोठं काम दक्षिण-पूर्व दिल्लीतच झालं. जसोल्यापासून फार लांब नाही, ओखल्याला इन्क्लेन ही संशोधन संस्था आहे. तिच्या पुढाकाराने भारतातले आणि बाहेरचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ऑटिझम निदानाचं साधन तयार झालं, हिंदीत. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. परदेशातली नावाजलेली साधनं महागडी, त्यांचं प्रशिक्षण त्याहून महागडं. हे साधन इथल्या डॉक्टरला इथल्या आईशी तिच्या भाषेत बोलता यावं म्हणून केलेलं. पुढे २०१९ मध्ये एम्सच्या डॉ. शेफाली गुलाटी आणि सहकाऱ्यांनी निदानाच्या नव्या निकषांप्रमाणे त्याची सुधारित आवृत्ती तपासून प्रसिद्ध केली.

याच चमूने आणखी एक काम केलं. पाच ठिकाणची मुलं निवडली: हिमाचलातलं कांगडा, ओडिशातलं धेनकनाल, हैदराबाद, गोवा, आणि दिल्लीला लागून असलेलं, एनसीआरमधलं हरियाणाचं पलवल. एकूण ३,९६४ मुलं. अभ्यास २०१८ साली छापून आला. मेंदूच्या वाढीशी निगडित अडचणी, म्हणजे अपस्मार, ऐकण्या-बघण्याच्या अडचणी, बोलण्याच्या अडचणी, ऑटिझम वगैरे सगळं मिळून, दोन ते सहा वयात ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वयात १३.६ टक्के मुलांत काही ना काही आढळलं. हा फक्त महानगरातल्या सुशिक्षित घरांचा प्रश्न आहे, ही समजूत त्या आकड्यांनी पुसली. पलवलच्या मुलांसाठी एम्स तासा-दोन तासांवर आहे. पण तिथे जायचं कशासाठी, हे आधी कोणीतरी सांगायला हवं.

पालघर, गोवा आणि परत दिल्ली

सांगायचं कोणी? याचं सरकारी उत्तर आपल्या महाराष्ट्रात सुरू झालं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीस प्रकारच्या तक्रारींसाठी तपासणी, आणि त्या तीसांत ऑटिझमही आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शंका आली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. कागदावर आखणी उत्तम आहे. पण घाईगर्दीत, ओळीने बसवलेल्या मुलांमध्ये, कोणतं मूल वळून बघत नाही हे दिसणं सोपं नाही. ते एकेका मुलाशी खेळूनच दिसतं.

दुसरं उत्तर गोव्यातून आलं. १९९६ साली तिथे सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेचा एक विचार होता: तज्ज्ञ कमी आहेत ना, मग गावातल्या साध्या माणसांना काम शिकवू. ऑटिझममध्ये त्यांनी हे करून पाहिलं गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी, ६५ मुलांसोबत. कार्यकर्ती पालक आणि मूल खेळत असताना व्हिडिओ काढायची आणि तोच पालकांना दाखवून सांगायची, बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं, इथे तुम्ही थांबायला हवं होतं. मुलं आपण होऊन पालकांशी जास्त संवाद साधू लागली. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हाच विचार घेऊन संगाथ, एम्स, पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि इंग्लंडचं रेडिंग विद्यापीठ यांनी दिल्ली-एनसीआरमध्ये 'स्टार्ट' नावाचं टॅबलेटवरचं ॲप तयार केलं. तज्ज्ञ नसलेली आरोग्य कार्यकर्ती साध्या वस्तीतल्या घरी जाते. टॅबलेटवर मूल खेळतं. एका बाजूला माणसांचं चित्र हलतं, दुसऱ्या बाजूला नुसत्या आकारांचं. मूल कुठे जास्त बघतं? बुडबुडे फोडायचे. बोट किती नेमकं पडतं? आणि त्यासोबत पालकांना प्रश्न. दोन ते सात वर्षांची १३१ मुलं होती: ४८ ऑटिस्टिक, ४३ बौद्धिक अक्षमता असलेली आणि ४० इतर. २०२३ साली निष्कर्ष आले. सगळी मापं एकत्र करून संगणकाने ७८ टक्के वेळा मुलाचा गट बरोबर सांगितला.

पण त्या निबंधातली खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. या मुलाची वाढ वेगळी आहे, हे टॅबलेटवरच्या खेळांतून दिसलं. पण ऑटिस्टिक मूल आणि बौद्धिक अक्षमता असलेलं मूल यांच्यातला फरक अधिक स्पष्ट झाला तो पालकांनी दिलेल्या माहितीमुळे. १९३८ चं तेहतीस पानी पत्र आणि २०२३ चं ॲप. पंच्याऐंशी वर्षांनी आपण पुन्हा त्याच दारात उभे आहोत: सांगा बाबा, घरी तुम्हाला काय दिसतं?

चाळणीच्या पुढे

आता शेवटचं आणि जरा जड बोलणं.

चाळणी म्हणजे निदान नाही. चाळणीत अडकलेलं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, आणि चाळणीतून गेलेलं प्रत्येक मूल नसतंच असं नाही. ५० पैकी १९ चा आकडा त्यासाठीच सांगितला. शिवाय तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. २००७ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी करा, असं सांगितलं. २०१६ साली तिथल्याच दुसऱ्या एका तज्ज्ञ गटाने म्हटलं की कोणालाच काळजी वाटत नसताना सरसकट सगळ्यांना चाळणी लावण्याचा फायदा-तोटा ठरवायला पुरावा पुरेसा नाही. नीट ऐका: हा वाद काळजी न वाटणाऱ्या घरांबद्दल आहे. ज्या घरात काळजी वाटते आहे, तिथे थांबा असं कोणीच म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट, नाव दिल्यानंतर काय? पलवलच्या आईला शिक्का मिळाला आणि पुढे थेरपिस्ट नाही, अंगणवाडीत प्रवेश नाही, तर तिच्या हातात फक्त भीती राहते. आणि भीती असली की बरं करून देतो म्हणणारे दुकानदार दारात उभे राहतात. ओळखण्याचा इतिहास पुष्कळ पुढे गेला आहे. सोबतीचा इतिहास अजून गोवा-रावळपिंडीच्या ६५ मुलांइतका लहान आहे. सरकारकडे मागायचं असेल तर हे मागा.

आणि घरी काय करायचं? दीड वर्षाचं मूल नावाला ओ देत नसेल, बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघत नसेल, खोटं खोटं खेळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर आधी कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना विचारा, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. "होईल हळूहळू" असं उत्तर मिळालं तर विचारा, किती दिवसांनी पुन्हा आणू? तारीख लिहून घ्या. शक्य असेल तर घरातला व्हिडिओ दाखवा. ट्रिपलेटांनी पत्र लिहिलं, तुमच्याकडे फोन आहे.

आणि एखाद्या नातेवाईक बाईने काळजीने असं काही सांगितलं, तर तिला "तू फार विचार करतेस" म्हणू नका. तिच्यासोबत बसा आणि त्या मुलाला घेऊन गच्चीवर जा. चांदोबा कुठे आहे, विचारा, आणि मूल काय करतं ते तिच्या शेजारी बसून तुम्हीही बघा.

आज इथेच थांबू.